फाया एकच पुरे

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की बाजाराचा वास बदलतो. इफ्तारच्या भजी-समोशांच्या तळणात मोगरा, गुलाब, हिना आणि शमामा मिसळू लागतात. छोट्या बाटल्यांची पेटी उघडून बसलेला अत्तरवाला गिऱ्हाइकाच्या हातावर काचेची कांडी टेकवतो आणि गिऱ्हाईक पुढच्या तीन दुकानांपर्यंत हात हुंगत जाते. जुम्म्याला आणि ईदला आंघोळ करावी, स्वच्छ कपडे घालावेत, खुशबू लावावी, ही सुन्नत आहे. मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. लग्नघराच्या दारात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभ्या असलेल्या मुली, हळदीकुंकवाला हाताच्या मागे लावलेला अत्तराचा बोट, दिवाळीच्या पहाटेचे उटणे, ही त्याच नात्यातली माणसे.

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. अत्तर घरी बनू लागले आहे. फुलांच्या अर्काच्या पाच-दहा मिलीच्या बाटल्या घरपोच मिळतात. त्या बदामाच्या किंवा खोबरेल तेलात मिसळून कुणी रोल-ऑन करते, कुणी चेहऱ्याचे सीरम, कुणी साबण. ईदच्या भेटीसाठी ही चीज छान दिसते. अनेक गृहिणींना यातून चार पैसेही मिळतात आणि त्याचे कौतुकच व्हायला हवे. अडचण एकाच समजुतीची आहे: फुलातून निघाले आहे, केमिकल नाही, मग अपाय कसा होईल?

होतो. गुलाबाचे एक किलो शुद्ध तेल काढायला साधारण साडेतीन टन फुले लागतात. हिशेब केला तर तेलाच्या एका थेंबामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास फुले येतात. आयुष्यभर मोगऱ्याचा गजरा माळणाऱ्या बाईला मोगरा कधी बाधला नाही, हे खरे. पण तिने एका जागी, एका वेळी टोपलीभर फुलांचा अर्क कातडीवर चोळलेला नसतो. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गरम गुलाबपाण्यावर तरंगणारी साय तिने जमवली आणि तिचा थेंबभर तळव्यावर चोळला की अख्खी मैफल दरवळते, असे तो सांगतो. बादशाही थाटातही माप थेंबाचेच होते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा घोळ त्यातून होतो. कन्नौजच्या पारंपरिक पद्धतीत फुले आणि पाणी तांब्याच्या देगमध्ये चढवतात, झाकण मातीने लिंपतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाचा सुगंध त्या तेलात मुरतो. म्हणजे बाटलीत येणारे अत्तर मुळातच चंदनात पातळ झालेले असते. म्हणून कानात त्याचा फाया ठेवण्याची, मनगटाला बोट लावण्याची रीत पडली. आज बाटलीत मिळणारे ‘अॅब्सोल्यूट’ वेगळ्या रीतीने निघते. मोगरा, जाई यांची फुले हेक्झेनसारख्या द्रावकात बुडवून मेणासारखा गोळा काढतात, तो अल्कोहोलने धुतात आणि मागे उरतो तो निव्वळ अर्क. त्यात चंदन नाही, काही नाही. आजोबांच्या अत्तराची रीत या अर्काला लावणे म्हणजे सरबताच्या पेल्यातले पीत होतो म्हणून सिरपची बाटली तोंडाला लावणे. (चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांतही चंदनाऐवजी पॅराफिन किंवा थॅलेटसारखी द्रावके असतात, ही आणखी वेगळी कथा. ‘बेस कशाचा?’ हे दुकानदाराला विचारण्यात संकोच कशाला?)

त्वचेची गंमत अशी की ती पहिल्या दिवशी तक्रार करत नाही. दहा वेळा लावले, काही झाले नाही. अकराव्या वेळी खाज, लाली, पुरळ. एकदा शरीराने एखाद्या घटकाशी वैर धरले की ते सहसा सुटत नाही. मग त्याच घटकाचा साबण, पावडर, क्रीम सगळेच त्रास देऊ लागते. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कांतीवर लाली लवकर दिसत नाही, उलट गालावर, मानेवर तपकिरी-राखाडी डाग उमटतात. ते जायला महिने लागतात. घरात मात्र त्याचे खापर उष्णतेवर किंवा पोटावर फोडले जाते आणि डाग झाकायला तेच सीरम पुन्हा लागते.

माप अवघड नाही. एक मिलीत साधारण 20 थेंब धरतात. 30 मिली साध्या तेलात 6 थेंब अर्क म्हणजे एक टक्का. अंगाला लावायच्या तेलाला तेवढे पुरते. चेहऱ्याला त्याच्या निम्मे, म्हणजे 3 थेंब. काही अर्कांची मर्यादा याहूनही कमी असते. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएफआरए, जाई-मोगऱ्याच्या अॅब्सोल्यूटलाही मर्यादा घालते आणि उपलेटाच्या मुळांच्या तेलाला तर तिने मज्जावच केला आहे. थेंब लहान-मोठे पडतात, म्हणून विकण्यासाठी बनवणाऱ्यांनी ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा. तयार तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. चाँदरातीला बनवून ईदच्या सकाळी तोंडाला लावायची ही वस्तू नाही. तान्ह्या बाळांना लावूच नये. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लिंबू आणि बर्गमोट यांची पिळून काढलेली तेले लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होते, मानेवर काळे ओघळ उमटतात. ईदगाहचे मैदान उघडे असते, हे लक्षात असावे. पाण्यात अर्क टाकून हलवले म्हणजे मिसळला असे होत नाही. तो वर तरंगतो आणि फवाऱ्यातून तसाच अंगावर येतो. घरच्या गुलाबपाण्यात काही टिकाऊ द्रव्य नसेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावे, आणि हाराच्या दुकानातली औषध फवारलेली फुले त्यासाठी घेऊ नयेत. अल्कोहोल असलेला परफ्यूम लावून नमाज पढावा की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण थिनर किंवा दुकानातला कुठलाही स्पिरिट अंगावरच्या फवाऱ्यात घालू नये, यावर कुणाचा मतभेद नसावा. त्यात मिथेनॉल असू शकते.

घरच्यासाठी बनवणे वेगळे, विकणे वेगळे. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला ‘कॉस्मेटिक्स रूल्स, 2020’ प्रमाणे परवाना लागतो. बाटलीवर घटक, बॅच नंबर, वापराची मुदत लिहावी लागते. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही. बचत गटांना मेणबत्त्या आणि पापड शिकवले जातात, तसे हे माप आणि हा परवाना का शिकवू नये? शहरातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, वजनकाटे आहेत, शिकवणारे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बंद असतात.

आणखी एक गोष्ट तरावीहच्या सफमधली. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे, कारण शेजारच्याला त्रास होतो. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दमेकऱ्याला अर्ध्या बाटलीचे अत्तरही त्रासच देते. बसमध्ये, वर्गात, दवाखान्यातही तेच.

मागच्या ईदची अर्धी राहिलेली बाटली कपाटात असेल तर आधी हुंगून पाहावी. हवा आणि ऊन लागलेल्या अर्कातले काही घटक बदलतात आणि त्वचेला जास्त झोंबतात. वास आंबूस वाटला, रंग पालटला, तर ती टाकून द्यावी. नवी घेताना गडद काचेची घ्यावी आणि खिडकीपासून लांब ठेवावी. पांढऱ्या कुर्त्यावर लावायचे तर आधी आतल्या शिवणीला लावून बघावे. हिन्याचा डाग धोब्याकडेही निघत नाही.