दोन की चार? : एका बिघाडाचे वाचन

यंत्र बिघडले की साहित्याचा माणूस हात वर करतो. 'ते आमचे क्षेत्र नव्हे' हे वाक्य आम्ही मराठीच्या अध्यापकांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि स्वतःही तितक्याच सहजपणे उच्चारले आहे. त्यात विनय किती आणि आळस किती, हे तपासण्याची गरज आम्हांस कधी वाटली नाही. वडीगोद्रीस घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ती तपासणी करणे भाग पडले. प्रसंग संगणकाच्या बिघाडाचा आहे; तो येथे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, त्या बिघाडाचा उलगडा पान्या-स्क्रूड्रायव्हरने न होता वाचनाने झाला.

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव. जालना-अंबडकडून येणारा रस्ता येथे धुळे-सोलापूर महामार्गास मिळतो आणि महामार्ग पुढे शहागडला गोदावरी ओलांडून बीडकडे जातो. भोवतालचा मुलूख कापसाचा, उसाचा आणि मोसंबीचा. या परिसरातील जुन्या स्मरणिका, बंद पडलेली नियतकालिके, शाळांचे हस्तलिखित अंक असे जे काही घरोघरच्या माळ्यावर उरले आहे, ते रद्दीत जाण्यापूर्वी स्कॅन करून ठेवावे, असा उद्योग आम्ही काही मंडळींनी आरंभला आहे. छापील पानांवरील अक्षरे ओळखून त्यांचा टंकित मजकूर करण्यासाठी आम्ही टेसरॅक्ट ही विनामूल्य प्रणाली वापरतो. तिला मराठी वाचता येते. एका कुटुंबाने आपल्याकडील अंकांचा गठ्ठा महिन्याच्या बोलीवर दिला होता. त्यानंतर घर रिकामे व्हायचे होते, आणि मग त्या कागदांचे काय होणार हे विचारण्याची सोय नव्हती.

काम मात्र पुढे सरकेना. रात्री लावून ठेवलेली पाने सकाळी निम्मीही झालेली नसत. अखेर कोणीतरी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यातील परफॉर्मन्स या सदरात प्रोसेसरचे नाव होते आय-फाइव्ह ४५७०. हा इंटेलने २०१३ साली बाजारात आणलेला चार कोअरचा प्रोसेसर. नावाखाली नोंद मात्र अशी : कोअर २, लॉजिकल प्रोसेसर २. यंत्राला आपले नाव ठाऊक होते, पण आपले बळ अर्धेच ठाऊक होते.

दुरुस्तीच्या जाणकाराने निदान करण्यास दोन मिनिटेही घेतली नाहीत. ''लाइटीचा झटका बसलाय सर. बोर्ड गेला. आता ह्याच्यात काही राहिलं नाही, नवीनच घ्या.'' आमच्याकडे वीज कशी येते-जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निदान पटण्यासारखेच वाटेल. आम्हांसही ते पटले. स्कॅनिंग आणि बांधणीसाठी जमवलेली वर्गणी नव्या यंत्राकडे वळवण्याचा विचार जवळजवळ ठरला होता. त्यात काही तरी गमावत आहोत, याची खंत होती, शंका नव्हती.

शंका काढली ती आमच्या कामात मदतीस येणाऱ्या बी. ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीने. तिने विचारले, ''सर, हा प्रोसेसर पहिल्यापासून ह्याच डब्यात होता का?'' नव्हता. दोन वर्षांपूर्वी, कोणाच्या तरी वापरातून निघालेला हा आय-फाइव्ह आम्ही स्वस्तात घेऊन बसवला होता. त्याआधी तेथे दोन कोअरचा पेंटियम होता. ''आणि विंडोज?'' विंडोज जुनेच, त्याच डिस्कवरचे. ती काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, ''मग दोन हा आकडा जुन्याचा असेल.''

पुढे जे केले ते क्रमाने सांगतो, कारण सारे महत्त्व त्या क्रमालाच आहे. पहिला प्रश्न : अपेक्षा बरोबर आहे काय? कोअर आणि थ्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही प्रोसेसर चार कोअरवर आठ थ्रेड चालवतात, आणि आठची अपेक्षा धरणारा मनुष्य चार पाहून उगाच घाबरतो. शिवाय नाव अक्षरशः वाचावे लागते. आय-फाइव्ह ४५७० मध्ये चार कोअर आहेत. त्याच नावापुढे 'टी' हे एक अक्षर लागले की कोअर दोनच राहतात. मात्रा-वेलांटीने अर्थ बदलतो हे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या आम्हांस येथे वेगळे काही शिकायचे नव्हते. आमच्या प्रोसेसरपुढे 'टी' नव्हता. अपेक्षा खरी होती.

दुसरा प्रश्न : दुसरा साक्षीदार कोण? तिने पेनड्राइव्हवर लिनक्स घेतले आणि डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून सुरू केला. तेथे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या आज्ञेने स्वच्छ चार कोअर दाखवले. याचा अर्थ बोर्ड शाबूत, प्रोसेसर शाबूत. आणि बायॉसमध्ये कोअर बंद करण्याची जी सोय असते तिचाही येथे संबंध नाही, कारण तेथे कोअर बंद असते तर लिनक्सलाही दिसले नसते. दोष विंडोजच्या आत, म्हणजे लिहिलेल्या मजकुरात होता.

मग उरला तिसरा प्रश्न : हा मजकूर कोणी बदलला? विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग नावाची खिडकी आहे. तिच्या बूट या भागात प्रगत पर्याय उघडले की 'प्रोसेसरची संख्या' असा एक चौकोन दिसतो. एरवी तो रिकामा असतो, आणि तसा असला म्हणजे विंडोज आहेत तेवढे सारे कोअर वापरते. चाचणी घेणाऱ्यांना मुद्दाम थोड्या कोअरवर यंत्र चालवून पाहता यावे, एवढ्यासाठी ती सोय आहे. आमच्या यंत्रात त्या चौकोनात खूण होती आणि पुढे आकडा होता २. 'ही खूण करा, संगणक वेगाने सुरू होईल' असा सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे. पेंटियमच्या काळात कोणीतरी तो भक्तिभावाने पाळला असणार. तेव्हा त्याने काही बिघडले नाही, कारण कोअर दोनच होते. अर्थात काही सुधारलेही नाही. पुढे प्रोसेसर बदलला, पण आकडा डिस्कवर तसाच राहिला. वेग वाढवण्यासाठी केलेली खूण दोन वर्षे वेगाचा निम्मा वाटा अडवून बसली होती. तिने खूण काढली, यंत्र पुन्हा सुरू केले. कोअर ४.

दुरुस्तीच्या जाणकारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दिवसाला अनेक यंत्रे हाताळणाऱ्यास संभाव्यतेवर बोलावे लागते, आणि विजेने जळालेले बोर्ड त्याने पुष्कळ पाहिलेले असतात. दोष आमचा आहे. लक्षण आणि कारण यांच्यामधील अंतर हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्या आम्ही कोणताही प्रश्न न विचारता निर्णय स्वीकारला. आमच्या यंत्राचा इतिहास त्या जाणकारास ठाऊक नव्हता. आम्हांस ठाऊक होता, आणि आम्ही तो सांगितला नाही. तो सांगण्याजोगा आहे, हेच आमच्या ध्यानात आले नाही.

येथे पैठणची आठवण होणे स्वाभाविक आहे. शहागडच्या पुलाखालून जी गोदावरी वाहते, तिच्याच वरच्या अंगाला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मूळचा होता, पण लेखकांच्या हातून हातात जाताना त्यात पाठ बदलले होते, आणि हे बदल करणाऱ्यांतील बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार. पाठचिकित्सेची मूलभूत कृती हीच आहे : हातातील प्रतीवर एकटीवर विसंबू नये, दुसरी प्रत शोधावी, दोहोंत जेथे फरक पडतो तेथे थांबावे, आणि तो फरक कोणत्या हाताने, कोणत्या समजुतीने आला ते विचारावे. आमच्या विद्यार्थिनीने पेनड्राइव्हच्या रूपाने दुसरी प्रत आणली, एवढेच. हे तिला संगणकाच्या वर्गात शिकवलेले नव्हते. आम्हीच तिला ते हस्तलिखितांच्या संदर्भात शिकवले होते, आणि तेथेच ठेवून आम्ही विसरलो होतो.

यावर एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. साहित्याच्या लोकांना दिसेल त्या वस्तूला 'संहिता' म्हणण्याची खोड आहे; उद्या पंक्चर काढणे हीही समीक्षाच ठरेल. या खोडीपासून आम्हांस दूर राहायचे आहे. यंत्र आणि कविता यांत एक मोठा भेद आहे, आणि तो कवितेच्या नव्हे तर आमच्या अडचणीचा आहे. यंत्र पुन्हा सुरू करता येते. खूण काढल्यावर आकडा चार झाला नसता, तर आमचे सुंदर अनुमान तेथेच कोसळले असते. समीक्षेत आम्ही असे किती वेळा कोसळतो? आम्ही मांडलेला अन्वय चुकीचा असेल तर तो कशाने चुकीचा ठरेल, हे आम्ही आधी सांगून ठेवतो काय? यंत्राकडून घेण्यासारखी शिस्त असेल तर ती ही आहे.

आणखी एक सावधगिरी. चार कोअर परत मिळाले म्हणून सर्व कामे दुप्पट वेगाने होऊ लागली, असे नाही. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तो एकूण वेगाला मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले आहे. चार बायका लागल्या तर कापसाची वेचणी लवकर उरकते. चौघींनी मिळून विरजण लावले म्हणून दही लवकर लागत नाही. हा लेख टंकित करताना आमचा संगणक पूर्वीइतकाच मंद वाटतो, कारण मंद आम्ही आहोत. पण अक्षर ओळखण्याचे काम वेचणीसारखे आहे : प्रत्येक पान स्वतंत्र, प्रत्येक कोअरला आपली ओळ. गठ्ठा मुदतीत परत गेला, वर्गणी बांधणीलाच लागली.

राहता राहिली भाषा. 'कोअर' या शब्दास मराठीत 'गाभा' म्हणावे असे सुचवले जाते. आम्हांस ते अडते. गाभा एकच असतो, जसा देवळास गाभारा एक. 'चार गाभे' म्हटले की कानाला खटकते. तेव्हा कोअर हाच शब्द राहू द्यावा. अडचण शब्दाची नाहीच, वाक्यांची आहे. तिने त्या दिवशी केलेले सारे निदान तिने मराठीत विचार करून केले, पण त्यासाठी वाचावे लागलेले जवळजवळ सारे इंग्रजीत होते. आणि दुरुस्तीच्या जाणकारास फोनवर बिघाड सांगताना आम्हां पदवीधरांस 'स्लो झालाय' यापलीकडे एक वाक्य सुचले नव्हते. काय अपेक्षित होते, काय दिसले, केव्हापासून दिसले, त्याआधी काय बदलले : या चार गोष्टी विशेषणांवाचून लिहिणे हे गद्याचे कठीण काम आहे. व्यावहारिक मराठीच्या नावाने आम्ही विद्यार्थ्यांकडून अर्ज आणि जाहिराती लिहून घेतो. त्यांत बिघाडाचे वर्णन हा एक लेखनप्रकार घालावा, आणि तो साहित्याच्याच अध्यापकाने तपासावा, अशी आमची सूचना आहे.

नवा संगणक कधीतरी घ्यावा लागेलच. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. तूर्त त्या यंत्रावर लिनक्स कायमचे बसवले आहे. विद्यार्थिनीने त्याच्या डब्यावर आतून एक कागद चिकटवला आहे : कोणता भाग केव्हा बदलला, कोणी बदलला, का बदलला. आमच्या संग्रहातील कित्येक हस्तलिखितांना असा कागद लाभलेला नाही.