जगबुडी, दहा पुस्तकं आणि आपण इंजिनियर

या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने एक चॅलेंज घेतलं. आठ जणांनी पीएल लागायच्या आत प्रत्येकी दहा पुस्तकं वाचायची. विषय एकच, जगाचा सत्यानाश! म्हणजे एकतर जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी, नाहीतर जग शाबूत आहे पण माणसाचं माणूसपण गेलंय अशा. हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची.

सुरुवातीला जाम मजा आली. रोज एकच चौकशी, "तुझी किती झाली?" पण खरं सांगू? वाचन चाललं होतं अगदी जर्नल लिहितो तसं. उतरवा, सही घ्या, पुढचं काढा. कॉर्मक मॅकार्थीच्या 'द रोड'मध्ये (२००६) बाप-लेक राखेने भरलेल्या रस्त्यावरून उपाशीपोटी चालत राहतात, आणि आम्ही ते मेसच्या भाजीला नावं ठेवत वाचत होतो. जगाचा अंत म्हणजे आमच्यासाठी टाइमपास झाला होता.

मग हातात आलं येवगेनी झाम्यातिनचं 'वुई'. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेलं, आधी १९२४ मध्ये इंग्रजीत छापलेलं. सोव्हिएत रशियात ते छापून यायला १९८८ उजाडलं. १९४९ मध्ये '१९८४' प्रसिद्ध करणाऱ्या ऑर्वेलनेही ते आधी वाचलं होतं. यातल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. पडदा ओढायचा तर परवानगी लागते. आणि ही गोष्ट सांगणारा कोण? डी-५०३, एक इंजिनियर! राज्यासाठी अंतराळयान बांधतोय आणि त्याला त्याचा भलताच अभिमान आहे. झाम्यातिन स्वतः जहाजं बांधणारा इंजिनियर. आपली जात त्याला आतून माहीत होती.

मी तिथेच थबकले. कारण आमचा मिनी-प्रोजेक्ट आहे चेहरा ओळखून हजेरी लावणारा कॅमेरा. तीन महिने आम्ही चौघं फक्त अचूकता वाढवत होतो. रिव्ह्यूमध्ये विचारलं गेलं तेही तेवढंच. फोटो किती दिवस ठेवणार, कोण बघणार, एखाद्याला नको असेल तर काय, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. डी-५०३ वाईट माणूस नाही हो. तो फक्त आपलं काम चोख करतो. भीती वाटली ती याचीच.

मग बाकीची पुस्तकं वेगळ्या नजरेने दिसायला लागली. कर्ट व्हॉनेगटच्या 'प्लेअर पियानो'चा (१९५२) नायकही इंजिनियर. त्या जगात यंत्रांनी लोकांची कामं काढून घेतली आहेत. 'ऑन द बीच' (१९५७) लिहिणारा नेव्हिल शूट विमानं बांधणारा. म्हणजे आपल्याच बिरादरीतली माणसं आपल्याला सावध करत आली आहेत, आणि आपण मात्र पुस्तकं मोजतोय!

तुम्ही म्हणाल, या सगळ्या काल्पनिक गोष्टी. बरं, मग ऑर्वेलचं पुस्तक राहू दे, खरं १९८४ घ्या. २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा आधीच बंद केलेली होती. गळणारा वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवरही कामात नव्हता. हजारो माणसं गेली. तिथे कोणी राक्षस बसला नव्हता. 'सध्या बंद ठेवू' असे निर्णय होते आणि त्यावर कोणाच्या तरी सह्या होत्या. खरी जगबुडी अशीच येते, फायलीतून.

आणखी एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली, दहातलं एकही पुस्तक मराठी धरलं नव्हतं. आईने जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा पुढे केली. अडखळत वाचली. पण त्यात बर्फ पडतो तो मुंबईत! लंडन-न्यूयॉर्क बुडताना आपण आरामात बघतो, पण आपल्या ओळखीचं शहर गोठलं की पोटात गोळा येतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अशी पुस्तकं जरूर वाचा, पण आकड्यासाठी नको. दहाऐवजी तीन वाचा आणि प्रत्येक वेळी विचारा, या गोष्टीत मी कोण? पळणारा, की ते यंत्र बनवणारा?

आमच्या प्रोजेक्टमध्ये आता हजेरी लागली की फोटो पुसला जातो. त्यासाठी दोन रात्री जागलो. "अगं, हे सिलॅबसमध्ये कुठंय?" असं पार्टनरने विचारलंच. रिपोर्टमध्येही त्यावर एक पान घातलंय. मार्क मिळतील की नाही, देव जाणे.

माझी पुस्तकं सहाच झाली. मिसळ माझ्याकडून!