रडू द्या हो!

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या घरी भेटायला गेले होते. तरणाताठा मुलगा गेलेला. आई भिंतीला टेकून बसली होती आणि समोर बसलेले एक गृहस्थ तिला समजावत होते, "रडू नका. रडल्याने आत्मा अडकतो. देवाची इच्छा म्हणायचं." त्या माउलीने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांच्या चहाचं बघायला आत गेली. मी गप्प बसले. चुकलंच माझं. म्हणून आज लिहिते आहे.

आमचे हे गेले तेव्हा मलाही असे समजावणारे पुष्कळ भेटले. कुणी आत्मा अमर असल्याचं सांगितलं, कुणी पूर्वजन्मीचे भोग काढले. मी देवाधर्माची बाई. तरी सांगते, त्यातल्या एकाही वाक्याने मला धीर आला नाही. उलट देवाचाच राग आला. चार महिने देवापुढे दिवा लावला नाही.

मंडळी, मला गीता ऐकवणाऱ्यांनी पुढचं महाभारत वाचलं नसावं. शोक करू नकोस, असं अर्जुनाला सांगितलं ते युद्ध सुरू होण्याआधी. तेव्हा कुणी मेलं नव्हतं. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला, आणि खुद्द श्रीकृष्णाच्या तोंडून सगळी गीता ऐकलेला हाच अर्जुन पोरासाठी रडला. मग घरातल्या बाईने तिसऱ्या दिवशी डोळे कोरडे ठेवावेत, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आपले संत तरी कुठे गप्प बसले? ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. तो वियोग नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत कीर्तनातून तो प्रसंग सांगतात आणि ऐकणारे वारकरी डोळे पुसतात. सातशे वर्षं उलटली, पण "आता पुरे" असं त्यांना कुणी म्हणत नाही! १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबांनी देव सोडला नाही, पण त्याला जाब विचारायलाही कमी केलं नाही.

दुसऱ्या टोकाला आमचा पुतण्या. तो म्हणतो, "काकू, श्रद्धा म्हणजे नुसती मनाची समजूत." अरे बाबा, समजूत पटलीच नाही, हेच तर सांगते आहे! हे का गेले, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही आणि आजही मिळालेलं नाही.

झालं ते एवढंच. चार महिन्यांनी एका एकादशीला दिवा लावला आणि हरिपाठ म्हणायला बसले. आमची चाळीस वर्षांची सवय, एक चरण ह्यांनी म्हणायचा, एक मी. ह्यांचा चरण आला आणि मी थांबले. खूप रडले. रडून झाल्यावर तो चरणही मीच म्हटला आणि हरिपाठ पुरा केला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

ज्याच्यापुढे बसून पोटभर रडता येतं, भांडता येतं आणि जो मधेच "पुरे" म्हणत नाही, तो माझा देव. माझी श्रद्धा ती एवढीच, आणि ती मला पुरली. "देवाची इच्छा" म्हणून समोरच्याचं तोंड बंद करणं ही श्रद्धा नव्हे. आपल्याला दुसऱ्याचं रडणं बघवत नाही, म्हणून आपण देवाला पुढे करतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाकडे भेटायला जाल, तर जवळ बसा. हात धरा. चहा तुम्ही करा. आणि रडू द्या हो त्यांना!

असो. उद्या मी पुन्हा त्या माउलीकडे जाणार आहे.