पी-ई कोणत्या कमाईवरचा?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई



समभाग स्वस्त की महाग हे ठरवताना सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे पी-ई, अर्थात बाजारभावाला प्रति समभाग वार्षिक कमाईने भागून येणारे गुणोत्तर. एका रुपयाच्या कमाईसाठी बाजार किती रुपये मोजतो आहे, एवढेच ते सांगते. ही कमाई सरलेल्या वर्षाची की येत्या वर्षाच्या अंदाजाची, एकट्या कंपनीची की उपकंपन्यांसह एकत्रित, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ३१ मार्च २०२१ रोजी निफ्टी ५० जेमतेम एक टक्क्याने उतरला, तरी त्याचा पी-ई मात्र सुमारे ४० वरून थेट ३३ च्या आसपास आला, कारण त्या दिवसापासून स्वतंत्र नफ्याऐवजी एकत्रित नफा धरला जाऊ लागला. समभागाच्या भावात उपकंपन्यांचेही मोल असल्याने हा बदल योग्यच होता. परंतु अमुक पी-ईच्या वर बाजार महाग, हे जुन्या आकड्यांवर बेतलेले ठोकताळे त्यानंतर तसेच वापरणे चुकीचे ठरते.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत गुंता याहून मोठा आहे. एखाद्या फंडाने १०० रुपयांपैकी ५० रुपये १० पी-ईच्या आणि ५० रुपये १०० पी-ईच्या समभागात गुंतवले, तर साधी सरासरी ५५ येते. प्रत्यक्षात पहिल्या ५० रुपयांमागे ५ रुपये आणि दुसऱ्या ५० रुपयांमागे ५० पैसे कमाई आहे, म्हणजे १०० रुपयांमागे साडेपाच रुपये, आणि त्या हिशेबाने पी-ई येतो सुमारे १८. दुसरी रीतच खरी, कारण गुंतवणूकदाराच्या वाट्याला कमाई येते, गुणोत्तरांची सरासरी नव्हे. तोट्यातील कंपनीला तर अर्थपूर्ण पी-ईच नसतो आणि ती हिशेबातून गाळली की फंड आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो.

एनएव्ही, म्हणजे देणी वजा जाता उरलेल्या मालमत्तेचे प्रत्येक युनिटमागील मूल्य, हे तर स्वस्ताईचे माप मुळीच नाही. दहा हजार रुपयांत १० रुपयांची हजार युनिटे मिळोत वा ५०० रुपयांची वीस, मालमत्ता १० टक्क्यांनी वाढली की दोन्हींचे अकरा हजारच होतात. तरीही १० रुपयांत मिळते म्हणून नवी योजना घेणारे आजही भेटतात.

मापाची रीत ठरवून देणे मंडळाला नवे नाही. १ फेब्रुवारी २०१८ पासून योजनांच्या कामगिरीची तुलना लाभांशही हिशेबात धरणाऱ्या एकूण परतावा निर्देशांकाशी करण्याचे बंधन मंडळानेच घातले आणि लाभांश वगळलेल्या निर्देशांकाला मागे टाकल्याची सोयीस्कर शेखी त्यामुळे बंद झाली. त्याच धर्तीवर फंडाच्या प्रत्येक माहितीपत्रकातील (फॅक्टशीट) पी-ईखाली कमाई कोणत्या काळाची, स्वतंत्र की एकत्रित, सरासरी कोणत्या रीतीने काढली आणि तोट्यातील कंपन्यांचे काय केले, हे सांगणारी एक ओळ, मराठीसह भारतीय भाषांत, छापणे मंडळाने बंधनकारक करावे. आकडा काढणाऱ्या फंड घराण्याकडे ही माहिती आधीच असते.

कळावे,
एक गुंतवणूकदार