थांबायला लावणे म्हणजे नाकारणेच

सार्वजनिक आरोग्यव्यवस्था कोणाच्या बाजूने उभी आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ती कोणाला किती काळ थांबायला लावते, एवढेच पाहावे. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला खाजगी रुग्णालयात पुढच्या आठवड्याची तारीख मिळते. ज्याच्यापाशी तो नाही त्याला चिठ्ठी मिळते, शिक्का मिळतो आणि पुन्हा यायला सांगितले जाते. मोतीबिंदूपासून हृदयविकारापर्यंत सर्व उपचारांना हा न्याय लागू आहे. परंतु एक उपचार असा आहे की त्याच्या प्रतीक्षेची चर्चादेखील होत नाही, कारण तो मागणाऱ्यांची गणना माणसांत करायलाच समाजाने फार उशीर लावला. पारलिंगी व्यक्तींची लिंगबदल शस्त्रक्रिया हा तो उपचार होय. त्यातही चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर ही शस्त्रक्रिया मागणाऱ्या श्रमिकाची जी कुचंबणा होते, तिचा विचार सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात तरी व्हावयास हवा.

‘इतकी वर्षे काढली, मग आता या वयात कशाला ?’ हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि क्वचित डॉक्टरही विचारतात. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीने नव्हे, तर राज्यसंस्थेने द्यावयाचे आहे. १९६८ साली जन्मलेल्या एखाद्या व्यक्तीची कल्पना करावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला, आपला लिंगभाव आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा या व्यक्तीने वयाची ४६ वर्षे गाठलेली होती. तोवरच्या तिच्या तारुण्याला कायद्याचा असा आधार नव्हता. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या ३२०व्या कलमात जबर दुखापतीच्या प्रकारांत पुंस्त्वहरणाचा क्रमांक पहिला होता. तेव्हा संमतीने केलेल्या शस्त्रक्रियेलाही हात घालताना डॉक्टर कचरत, यात नवल नव्हते. २०१२ साली एकवीस वर्षांच्या सज्ञान व्यक्तीलासुद्धा, आईवडिलांच्या विरोधामुळे अडलेल्या शस्त्रक्रियेसाठी, मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. महानगरात आणि ऐन तारुण्यात ही अवस्था, तर यंत्रमागावर पोट असणाऱ्या आणि चार तोंडांची जबाबदारी शिरावर घेतलेल्या माणसाने पंचविशीत कोणते दार ठोठवायचे होते ? उशीर त्याने केलेला नाही. तो त्याच्यावर लादला गेला.

या शहराला तर हे अधिक सहज कळावयास हवे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात कोंडून, हजेरी घेऊन, गिरण्यांत राबविणारी सेटलमेंट सोलापूरने पाहिली आहे. १९५२ साली तो कायदा गेला आणि विमुक्त हा शब्द रूढ झाला. परंतु त्या कायद्याच्या मूळच्या, १८७१ सालच्या, आवृत्तीचा दुसरा भाग आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. उत्तर हिंदुस्थानात लागू केलेल्या त्या भागान्वये हिजड्यांच्या नावांची व मालमत्तेची नोंदवही पोलिसांनी ठेवावयाची होती, आणि त्या नोंदवहीतील माणूस स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. म्हणजे एकाच कायद्याने दोन समूहांना जन्मतः संशयित ठरविले. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या संशयाची नजर राहिली, त्यांना आज रुग्णालयात पुन्हा पुन्हा आपले खरेपण सिद्ध करावे लागते, हा त्या नोंदवहीचाच वारसा आहे.

कागदावर आता पुष्कळ काही आले आहे, हे नाकारता येणार नाही. २०१९ साली संसदेने केलेल्या आणि १० जानेवारी २०२० पासून अंमलात आलेल्या कायद्याच्या १५व्या कलमाने लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार आणि शस्त्रक्रियेच्या आधीचे व नंतरचे समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींना वर्षाला पाच लाख रुपयांचे विमाछत्र देण्याचा करार झाला आणि त्यात या शस्त्रक्रियेचाही समावेश करण्यात आला. तामिळनाडूने २००८ सालीच स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य करण्याचा मार्ग घालून दिला होता. महाराष्ट्राने २०२० साली असे मंडळ नेमले. पुढेमागे कायद्याच्या कलमांत जे फेरफार व्हायचे ते होवोत. परंतु कलम आणि शस्त्रक्रियेचा टेबल यांच्यामध्ये जी रांग आहे तिचा हिशेब कोणत्याही अधिनियमाने मागितलेला नाही.

ही रांग कशी बनते ते पाहू गेल्यास तिच्यात दोन जातीच्या अटी एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. काही अटी शरीराच्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पन्नाशीनंतर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची तपासणी झाल्याशिवाय भूल देता येत नाही. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. विडी आणि तंबाखू शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सोडावी लागते, कारण तंबाखूमुळे त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नव्याने घडविलेला अवयव दगावू शकतो. स्त्रीत्वाकडे जाणाऱ्या व्यक्तीला इस्ट्रोजेन द्यावयाचे तर वाढत्या वयात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ध्यानात घेऊन तोंडाने घ्यावयाच्या गोळीऐवजी त्वचेवरची पट्टी किंवा मलम सुचविले जाते. मात्र वय हेच नकाराचे कारण ठरू शकत नाही. या विषयातील जागतिक वैद्यकीय संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९७९ साली प्रसिद्ध केली. २०२२ सालच्या आठव्या आवृत्तीतही शस्त्रक्रियेला वयाची वरची मर्यादा नाही. किंबहुना पूर्वीच्या दोन शिफारसपत्रांच्या जागी एक आणि बारा महिन्यांच्या संप्रेरक उपचाराच्या जागी सहा महिने, अशी सवलतच तिने दिली.

दुसऱ्या जातीच्या अटींचा वैद्यकाशी काही संबंध नाही. पत्नीची संमती आणा, मुलांची सही आणा, घटस्फोटाचा कागद आणा, ‘खरोखरच’ स्त्री किंवा पुरुष वाटता याची खात्री पटवा, या त्या अटी. हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. १९५३ साली एव्हरेस्टविजयाची वार्ता जगाला देणाऱ्या ब्रिटिश पत्रकार जॅन मॉरिस यांनी १९७२ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, ही शस्त्रक्रिया मोरोक्कोतील कासाब्लांका येथे जाऊन करवून घेतली, कारण इंग्लंडमधील डॉक्टर आधी घटस्फोट मागत होते. त्यांना परदेशची वाट परवडली. माधवनगरच्या किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या मजुराला अशी वाट नसते.

प्रतीक्षेची अट उतारवयात कशी अन्यायाची होते, हे स्वित्झर्लंडमधील श्लुम्फ प्रकरणाने जगापुढे मांडले. १९३७ साली जन्मलेल्या या व्यक्तीने मुले मोठी होईपर्यंत आणि २००२ साली पत्नी कर्करोगाने जाईपर्यंत आपले मन मारले. नंतर उपचार सुरू झाले, तज्ज्ञांनी निदानाला दुजोरा दिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, शस्त्रक्रिया झाली. विमा कंपनीने खर्च नाकारला. कारण एकच : दोन वर्षांच्या निरीक्षणाचा नियम पुरा झाला नव्हता. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ८ जानेवारी २००९ रोजी या व्यक्तीच्या बाजूने निकाल दिला. नियम यंत्रवत लावताना तिचे वय विचारात घेतले गेले नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. विशीतल्या माणसाची दोन वर्षे आणि सदुसष्टीतल्या माणसाची दोन वर्षे दिनदर्शिकेत सारखी असतात, आयुष्यात नसतात.

आता हाच हिशेब सोलापूरच्या मजुराचा मांडावा. आधी ओळखपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज. तो संगणकावरून करावयाचा आणि जुन्या नावाचे दाखले जोडावयाचे. विम्याचा लाभ या ओळखपत्रावर अवलंबून. मग मानसोपचारतज्ज्ञ, संप्रेरकांचे तज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ, प्रत्येकाची वेगळी तारीख. अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेली पथके देशातील मोजक्या महानगरांत एकवटलेली. सोलापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ४५० किलोमीटर. प्रत्येक खेपेला दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि जिथे मजुरी कापडाच्या मीटरवर वा विड्यांच्या हजारीवर मोजली जाते तिथे रजा ही चीजच नसते. पुरुषत्वाकडे जाणाऱ्या व्यक्तीची जननेंद्रियाची शस्त्रक्रिया तर अनेक टप्प्यांत, मध्ये महिने सोडून होते. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे विश्रांती, जड वजन उचलण्यास बंदी, महिनोन्‌महिने जखमेची निगा. रुग्णालयाचे देणे विमा भागवील, पण तीन महिन्यांची चूल कोण पेटवील ? एकट्याने राहणाऱ्या साठीतल्या माणसाच्या उशाशी कोण बसेल ?

रांग लांबली म्हणजे माणूस थांबतोच असे नाही. तो आडवाट शोधतो. दुकानातून गोळ्या विकत घेऊन, कोणत्याही तपासणीविना, वर्षानुवर्षे संप्रेरके घेतली जातात. वाढत्या वयात त्याचा घाला यकृतावर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. हिजडा समाजात ‘निर्वाण’ या नावाने अकुशल हातांनी होणाऱ्या छेदनाने किती जीव घेतले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. सरकारी रुग्णालयाचे दार बंद राहिले की भोंदूचे दार उघडते, हे गर्भपाताच्या बाबतीत १९७१ च्या कायद्यापूर्वी या देशाने पाहिलेच होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते मित्रांकडून येतात म्हणून त्यांची दखल घेतली पाहिजे. पहिला असा की घाई झाली तर पश्चात्तापाची वेळ येईल. शस्त्रक्रिया परत फिरविता येत नाही हे खरेच. म्हणून समुपदेशन हवे, पूर्ण माहिती हवी, रुग्णाला मागे फिरण्याचे स्वातंत्र्य शेवटच्या क्षणापर्यंत हवे. परंतु विचार करण्यासाठी दिलेला वेळ आणि डॉक्टर नाही म्हणून गेलेला वेळ यांत अंतर आहे. पहिला उपचाराचा भाग असतो, दुसरा निव्वळ अनास्थेचा. तीस वर्षे मनात बाळगलेली गोष्ट पन्नाशीत बोलून दाखविणाऱ्यावर उतावळेपणाचा आरोप करणे हे क्रौर्य आहे.

दुसरा आक्षेप असा की जिथे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि विडी कामगार स्त्रियांचे छातीचे विकार उपचाराविना राहतात, तिथे हा प्रश्न अग्रक्रमाचा कसा ? हा युक्तिवाद जुना आहे. स्त्रियांच्या प्रश्नाला, दलितांच्या प्रश्नाला तो एके काळी आपल्याच व्यासपीठांवरून ऐकविला गेला. गरिबांच्या दोन दुःखांत झुंज लावून देणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे असते. वास्तविक मागणी एकच आहे : जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ हवेत, औषधे हवीत आणि रुग्णाला तारीख हवी. विडी कामगार बाईसाठी येणारा फुप्फुसाचा तज्ज्ञ आणि पारलिंगी मजुरासाठी येणारा संप्रेरकांचा तज्ज्ञ एकाच अंदाजपत्रकातून यावयाचे आहेत, आणि ते अंदाजपत्रक एकाच लढ्याने वाढणार आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. शस्त्रक्रिया महानगरात होवो, परंतु तपासणी, समुपदेशन, संप्रेरकांचे उपचार आणि नंतरची निगा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ठरलेल्या वारी आणि एकाच छताखाली मिळावी. प्रतीक्षायादी जाहीर असावी आणि प्रत्येकाला आपला क्रमांक कळावा. ज्यांचे वय व प्रकृती विलंब सोसणारी नाही त्यांना त्या यादीत अग्रक्रम मिळावा. पत्नी, पती वा मुलांच्या संमतीची अट कोणीही घालू नये असे लेखी परिपत्रक निघावे. प्रवासखर्च आणि विश्रांतीच्या काळातील मजुरीची भरपाई मिळावी. ज्यांच्या प्रकृतीला शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांचे कागदपत्र त्यामुळे अडू नयेत. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय उपचार या संज्ञेत समुपदेशन आणि संप्रेरकेही धरली होती, त्या व्यापक अर्थाचा आग्रह धरावा. शस्त्रक्रिया हा हक्क आहे, ती ओळखीची किंमत होता कामा नये.

या जिल्ह्यातील सामान्य माणूस अशा मागण्यांना पाठ दाखवील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने २०१७ साली तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच केले. गावकऱ्यांना जे उमगले ते दप्तराला उमगायला वेळ लागतो, आणि तो वेळ कमी करणे हेच संघटनेचे काम असते. युनियनच्या आरोग्य शिबिरात या रुग्णांना सन्मानाने बोलावणे, अर्ज भरताना आणि रुग्णालयात जाताना सोबत करणे, कोणाला कोणत्या कारणाने किती महिने परत पाठविले याची टिपणे ठेवणे, आणि ती टिपणे घेऊन जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हाधिकारी यांच्यासमोर बसणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. ज्यांनी अर्धे आयुष्य बोलण्याच्या प्रतीक्षेत घालविले, त्यांचे उरलेले आयुष्य तारखेच्या प्रतीक्षेत जाऊ देणे कोणत्याही कामगार चळवळीला शोभणारे नाही.