तशी सात बसतात!

हापूसची पेटी घेताना वरचा थर हाताने बाजूला करून खालचा थर तपासल्याशिवाय आपल्यातला कोणीही पाकिटाला हात लावत नाही. मेथीची जुडी आपण उलटी करून बघतो. नारळ कानाशी नेऊन हलवतो. कलिंगडाला तर असे टिचक्या मारतो, की समोरचा फळवाला आपल्याला तबलजी समजावा. पण हाच चोखंदळ गृहस्थ व्हॅन घ्यायला निघाला, की त्याला काय होतं कोण जाणे! तो तडक पुढच्या सीटवर जाऊन बसतो, स्टिअरिंग धरतो, आरसा स्वतःच्या तोंडाकडे वळवून उरलेल्या केसांचा भांग नीट करतो, एकदा हॉर्न वाजवतो आणि म्हणतो, "छान आहे हो!" पेटीचा खालचा थर, म्हणजे शेवटची सीट, तो बघतच नाही. का बघेल? तिथे त्याला स्वतःला थोडंच बसायचं असतं!

या प्रथेविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी चारचौघांत मोठ्याने करणार आहे. मोटार पुढून निवडा, स्कूटर बाजूने निवडा, पण व्हॅन ही वस्तू मागून निवडायची असते. कारण व्हॅन घेण्याचं कारणच मुळी मागे बसलेलं असतं.

हा विषय आमच्या घरात निघाला तो माझ्या धाकट्या मेहुण्यामुळे. त्याचा चिवडा, चकली आणि लाडवांचा घरगुती धंदा आहे. आठवड्याचे सहा दिवस माल दुकानांत पोचवायचा आणि सातव्या दिवशी घरच्या मंडळींना कुठेतरी न्यायचं, म्हणून त्याला एक लहानशी व्हॅन हवी होती. घरची मंडळी म्हणजे तो, त्याची बायको, दोन पोरं, माझे सासरे, सासूबाई आणि आत्याबाई. एकूण सात. नजरेसमोर गाड्या दोन : मारुतीची ईको आणि रेनोची ट्रायबर. यावर बैठक बसली. बैठकीत प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारला. मेहुण्याने विचारलं, "किती देते?" त्याच्या बायकोने विचारलं, "पांढऱ्याशिवाय रंग आहे का?" शेजारच्या काकांनी विचारलं, "विकायला काढली तर किती येतील?" गाडी अजून दारात आली नव्हती आणि काकांनी ती विकायला काढलीसुद्धा! शेवटी सासऱ्यांनी तो प्रश्न विचारला, जो महाराष्ट्रात व्हॅन या वस्तूबद्दल पहिल्यापासून विचारला जातो : "किती बसतात?"

त्यावर मेहुणा उत्तरला, "तशी सहा-सात. पण बसवली तर दहासुद्धा."

हा 'तशी' शब्द माझा खरा शत्रू आहे. 'तशी सात' म्हणजे कागदावर सात. 'बसवली तर दहा' म्हणजे तीन माणसं माणसांत न मोजता. आपल्याकडे ही तीन कोण असतात, हे मी सांगायला नको. दोन पोरं आणि एक म्हातारं माणूस. पोरं 'लहान आहेत, मांडीवर बसतील' आणि म्हातारी 'काय, कोपऱ्यात बसेल'. घरात ज्यांना आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो, त्यांनाच गाडीत आपण उरलेल्या जागेत कोंबतो.

या सवयीला इतिहास आहे. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली, १९८८ साली तिचं ओम्नी असं बारसं झालं आणि २०१९ पर्यंत ती निघत राहिली. इंजिन अवघं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण तिने काय केलं नाही? ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, भाजीची गाडी झाली. दार बाजूला सरकत असल्यामुळे हिंदी सिनेमात कुणाला पळवून न्यायचं असलं, की ती हमखास हजर असे. तिच्या आठ आसनी अवतारात मधली सीट उलटी असायची. म्हणजे मागची मंडळी समोरासमोर बसून, गुडघ्याला गुडघा लावून, लोणावळ्यापर्यंत एकमेकांचे उखाळ्यापाखाळ्या काढू शकत. एवढी सोय दिवाणखान्यातही नसते. त्या गाडीने आपल्याला 'सरकून घ्या' हा मंत्र दिला आणि आपण इतके सरकलो, की सरकत सरकत अक्कलच दाराबाहेर गेली.

पुढे २००१ साली व्हर्सा आली. तिची जाहिरात अमिताभ आणि अभिषेक अशा बापलेकांनी मिळून केली. तरी ती फारशी खपली नाही. मग तिच्या अंगावरचे दागदागिने उतरवून २०१० साली तीच ईको म्हणून आणली आणि बघता बघता २०२३ पर्यंत तिने दहा लाखांचा आकडा गाठला. साजशृंगार केलेली पडून राहिली आणि साध्या लुगड्यातली घरोघर गेली! यात आपल्या लोकांचा शहाणपणा आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मी ईकोचा वैरी नाही. उलट मालासाठी तिच्यासारखी गाडी नाही. ११९७ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना, म्हणजे ओझं लादलं की चाकं जमीन धरून राहतात. दारं सरकती, त्यामुळे पेठेतल्या बोळात दार उघडताना शेजारच्या स्कूटरचा आरसा शहीद होत नाही. रुंदी १४७५ मिलिमीटर, लांबी ३६७५. ट्रायबर रुंदीला १७३९ आणि लांबीला ३९९०. म्हणजे वीतभर जास्त रुंद आणि फूटभर जास्त लांब. ज्याने पुण्याच्या पेठांत गाडी वळवली आहे, त्याला त्या विताची किंमत विचारा. ईकोचं पोट चौकोनी, खोक्यावर खोकं चढवावं तसं. चिवड्याला अशीच गाडी हवी.

पण चिवडा आणि आत्याबाई यांत फरक आहे. चिवडा चेपला तरी चुरा म्हणून विकता येतो.

आता ज्या विषयावर बैठकीत कोणीच प्रश्न विचारला नाही, तो काढतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने त्या वेळची, एअरबॅग नसलेली ईको आपटून पाहिली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत तिला पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्याच संस्थेने २०२१ साली ट्रायबर आपटली. तिला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. लगेच टाळ्या पिटू नका. २०२२ पासून त्या संस्थेने परीक्षाच कडक केली, तेव्हा जुन्या पेपरातले चार तारे नव्या पेपरात तसेच राहतील असं धरून चालण्यात अर्थ नाही. आणि शून्यवाली ईकोही आता तशी राहिलेली नाही. २०२५ साली तिच्यात सहा एअरबॅगा आल्या आणि सात आसनी जाऊन सहा आसनी आली. मला या सगळ्यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण कंपनीने एक सीट कमी केली, पण माझ्या मेहुण्याच्या घरातलं माणूस कमी झालं नाही!

"दाजी, सहांत सात काय, सहज मावतात," मेहुणा म्हणाला, "धाकटा मांडीवर."

"कुणाच्या?"

"आईच्या."

"आणि त्या मांडीवरच्या पोराला पट्टा कोण लावणार? आईचे हात?"

इथे मी बैठकीला थोडं शाळेतलं पदार्थविज्ञान शिकवलं. पन्नास किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाची अवस्था साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावर आपण पोराला बसवून 'आजीने धरलंय' असं म्हणू का? कायदाही तसं म्हणू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर हजार रुपये दंड आहे. पण आपण दंडाला भितो, अपघाताला नाही. कारण दंड होतो तो आपल्याला आणि अपघात होतो तो पेपरातल्या माणसांना!

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी किमती होती, भक्कम होती. त्यानंतर महिनाभर सगळा महाराष्ट्र मागे बसून पट्टा शोधत होता. अनेकांना तो सीटच्या फटीत, शेंगदाण्याची टरफलं आणि हरवलेली पेन्सिल यांच्या सोबतीला सापडला. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती जाहीर केली. मग पट्टे हळूहळू पुन्हा फटीत गेले. टरफलांना करमत नसावं.

"अहो, पण आम्ही लहानपणी चौदाजण जात होतो," काका म्हणाले, "काही झालं नाही."

या युक्तिवादाला माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्यांना काही झालं, ते बैठकीला येऊन बोलत नाहीत.

बैठक एकदम शांत झाली. आत्याबाईंनी तेवढ्यात खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

म्हणून मी मेहुण्याला सांगितलं, "अरे, तुझ्या घरात माणसं सात आहेत. तेव्हा पट्टे सात हवेत. बाकी मायलेज, रंग आणि काकांची विक्री हे सगळं नंतर. ट्रायबर घे." ट्रायबरचे दोष मी लपवले नाहीत. इंजिन ९९९ सीसीचं, जोर ७२ अश्वशक्तीच्या आसपास. सात माणसं घेऊन खंबाटकीचा घाट चढायचा म्हटल्यावर तिला धाप लागणारच. सातही सीटा लावल्या तर मागे सामानाला जागा उरते ८४ लिटर. म्हणजे सात माणसं आणि आत्याबाईंचा पानाचा डबा. पण तिची शेवटची रांग काढून ठेवता येते आणि मग तीच जागा ६२५ लिटर होते. सहा दिवस ती सीट काढून चिवडा भरावा, सातव्या दिवशी लावून माणसं भरावीत. काढलेल्या सीटा ठेवायच्या कुठे, या प्रश्नावर सासऱ्यांनी तत्परतेने गॅलरी सुचवली. त्या दुपारच्या झोपेला बऱ्या पडतील, असा त्यांचा अंदाज होता. माल एका खेपेत मावला नाही, तर दोन खेपा कराव्या. चिवडा थांबतो. तो कधी म्हणत नाही, 'मला मांडीवर घ्या.'

मात्र ज्याच्या गाडीत नेहमी दोनच माणसं आणि बाकी सगळा माल असतो, त्याने खुशाल ईको घ्यावी आणि माझ्या नावाने एक लाडू खावा. त्याच्यासाठी तीच शहाणपणाची. माझं भांडण ईकोशी नाही, ट्रायबरवर माझं प्रेम नाही. माझं भांडण मालाच्या गाडीत माणसं मालासारखी भरण्याशी आहे. ट्रायबरमध्येही नऊ बसवली, तर मी असाच ओरडेन.

या देशात गाड्यांबाबत पुष्कळ कायदे आहेत. त्यात मला एका छोट्याशा नियमाची भर घालायची आहे. नवी व्हॅन घेणाऱ्या कर्त्या पुरुषाने पहिले शंभर किलोमीटर शेवटच्या सीटवर बसून, पट्टा लावून, गुडघे हनुवटीशी घेऊन काढावेत. गाडी दुसऱ्याने चालवावी आणि दर स्पीडब्रेकरला पुढून विचारावं, "बरे बसलात ना?" शंभराव्या किलोमीटरला त्या गृहस्थाला पुन्हा विचारा, की गाडीत किती बसतात.

तो 'तशी' म्हणणार नाही. नेमका आकडा सांगेल, आणि तोही कण्हत.