मुद्दल राखणारे हात

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ही प्रथा का पडली? पावसाळ्यात भिक्खू फिरतात तेव्हा कोवळे गवत व बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. विनयपिटकात ही हकीकत आहे.

आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत वर्षावासाचा हिशेबही कोरलेला आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० साठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. पैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. नदी, डोंगर, जंगल यांच्यासाठी याहून चांगला नियम आम्हांस ठाऊक नाही.

पण मुद्दल राखायला जाणते हात लागतात. आपण १४ एप्रिलला ऐन उन्हात हौसेने रोपे लावतो आणि मे महिन्यात नुसती आळी उरतात. उत्साह भरपूर आहे, शिक्षण कमी पडते.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ झाले. १९८६ साली ते अभयारण्य ठरले, २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथे आसपासच्या गावांतील तरुण गाईडचे काम शिकले. हळदी-कुंकू बदक बारमाही इथले, चक्रवाक हिवाळी पाहुणा, हे ते पर्यटकांना दाखवितात. ज्याला पक्षी नावाने ओळखता येतो, तो त्याच्यावर दगड उचलू देत नाही.

म्हणून आम्ही सुचवितो : या वर्षावासात प्रत्येक विहाराने पाच तरुण व पाच भगिनी निवडाव्यात. रविवारी वाचनानंतर एक तास द्यावा. करंज, उंबर, कडुनिंब ओळखावेत. खड्डा, आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन हाताने करून शिकावे. वस्तीचा नाला गोदावरीला कोठे मिळतो, ते पायी जाऊन पाहावे. नोंदवहीत रोप, तारीख व पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे. तीन वर्षांनी जगलेली झाडे मोजावीत.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीत पहिला शब्द शिक्षणाचाच आहे. नोंदवहीचे रकाने आम्ही आखून देऊ. नावे तुम्ही द्या.

जय भीम!